काकांच्या ट्रकमधला आवाज

काकांच्या हातून स्टीअरिंग मी काढून घेतले, असे आमच्या घरात आजही म्हटले जाते. हे विधान खरे आहे, म्हणून मी त्याचा प्रतिवाद करत नाही. मात्र ते अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग एका अ‍ॅम्प्लिफायरचा आहे आणि तो कोणी सांगत नाही, कारण तो कोणाला समजलेला नाही. तो मी इथे क्रमाने मांडते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचे घराणे मूळ उमरेडच्या विणकरांचे. आजोबांपर्यंत घरात हातमाग होता. बाबा शिकले आणि कचेरीत लागले. काका पंधराव्या वर्षी नागपुरातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले आणि ती शेड बंद पडेपर्यंत, म्हणजे वीस-बावीस वर्षे, तिथेच राहिले. काकूही त्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरत असे. त्या दोघांमुळे आमच्या बेसा भागातल्या घराला एक सवय लागली होती, जी मला कॉलेजात जाईपर्यंत सगळ्या जगाचीच वाटत होती. आमच्या घरी कोणी कोणाला हाक मारत नाही. बोलायचे असेल तर जवळ जायचे, खांद्याला हात लावायचा, माणूस वळला की समोरून बोलायचे. शेकडो माग एकदम खडखडत असताना दुसरा उपाय नसतो. शेड गेली, सवय राहिली.

शेडनंतर काकांनी ट्रक धरला. गाडी कागदोपत्री बाबांची, पण ती काकांची आहे हे सगळ्यांना मान्य होते. घरात काका कोपऱ्यात, पाठ वाकवून बसत. त्याच माणसाला ड्रायव्हरच्या सीटवर पाहिले की पाठीचा कणा कुठून आला असा प्रश्न पडे. ट्रक चालवण्याखेरीज त्यांना दुसरे काही येत नव्हते, आणि शिकण्याची इच्छाही नव्हती. गाडी गेली तर काकांचे काय उरेल, हा प्रश्न घरात कोणी विचारला नसता. उत्तर सर्वांना ठाऊक होते.

माझे आणि त्यांचे कधीच पटले नाही. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करत असताना त्यांनी बाबांना बजावले होते की पोरगी अशीच शिकत गेली तर उद्या घरातल्या कोणालाच मोजणार नाही. मला ते नावाने बोलावत नसत, ‘सायन्स’ म्हणत. सायन्स, पंखा काहून कुरकुर करते ते सांग. सायन्स, दूध काहून नासलं. मी कारणे सांगत असे आणि ती बरोबर असत. त्यामुळे ते अधिक चिडत. मी थांबत नसे, हेही नोंदवले पाहिजे.

हे घडले त्या उन्हाळ्यात माझी परीक्षा संपली होती आणि बाहेरच्या एका संस्थेत संशोधनासाठी केलेल्या अर्जाच्या उत्तराची मी वाट पाहत होते. वाट पाहणे मला जमत नाही. त्याच सुमारास काकांनी जरीपटक्याच्या एका दुकानातून ट्रकमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि नवे स्पीकर बसवून घेतले. आठ दिवसांत त्यांची तक्रार सुरू झाली. आवाज खुलत नाही. रोज जेवताना हेच वाक्य. मग एका सकाळी गाडी सुरूच झाली नाही; दोन बॅटऱ्यांपैकी एक पार मेलेली निघाली. ती बदलली. महिन्याभरात तिच्या जागी बसवलेलीही तशीच गेली.

मी गाडीला हात न लावताच कारण सांगितले. ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. कारसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला बाराच लागतात. ते मिळवण्याचा योग्य मार्ग म्हणजे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर. आळशी मार्ग म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून तार ओढणे. मग एकच बॅटरी गाणी वाजवते आणि चार्जिंग मात्र दोघींना सारखे मिळते. एक उपाशी मरते, दुसरी अजीर्णाने. दुकानदाराने आळशी मार्ग घेतला होता.

काकांना हे पटणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही गाडी घेऊन जरीपटक्याला गेलो. दुकानदाराने माझे ऐकून घेतले आणि उत्तर काकांच्या तोंडाकडे पाहून दिले. “इधर सब गाडी में ऐसाच लगता है, भैया. आज तक किसी की शिकायत नहीं आई.” मी त्याचाच मीटर मागून घेतला आणि दोन्ही बॅटऱ्या त्याच्याच हाताने, समोर उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांच्या देखत मोजायला लावल्या. एक आकडा दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दोन व्होल्टने कमी होता. गिऱ्हाइके हसली. दुकानदार हसला नाही. मला वाटले होते की काका निदान आता माझी बाजू घेतील. ते म्हणाले, “तो वीस वर्षापासून हेच काम करून राहिला. तू काय करून राहिली?”

परतताना मी त्यांना सांगितले की आठ दिवस गाडी संध्याकाळी माझ्या ताब्यात द्या. आवाज सुधारला नाही तर मी या घरात कोणत्याही विषयावर बोलणार नाही. त्यांनी समोरच्या सिग्नलवर गाडी थांबवली, माझ्याकडे वळून ते पुन्हा वदवून घेतले आणि म्हणाले, “घरातले सारेच खूश होतील मंग.”

त्या आठ दिवसांत मी जे काम केले ते चांगले होते. आजही मी ते तसेच करीन. कन्व्हर्टर सीटच्या मागे, हवा लागेल असा बसवला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज टाकला. दुकानदाराने तो टाकलाच नव्हता. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग रंगावरच स्क्रू पिळून केलेली होती, म्हणून तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर ती पुन्हा केली. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शीळ स्पीकरमधून येत होती. सिग्नलची केबल पॉवरच्या तारेला बांधलेली होती, ती सोडवून केबिनच्या दुसऱ्या बाजूने नेली आणि शीळ गेली. दोन दारांतल्या स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या होत्या, त्यामुळे एक पडदा पुढे येई तेव्हा दुसरा मागे जाई आणि ठेका दोघांच्या मध्येच मरे. त्या सुलट केल्या. दारांच्या पत्र्यातली भोके झाकली, पत्र्याच्या आतून डांबरी शीट चिकटवली. शेवटी दोन छोटे ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, काकांच्या कानाच्या उंचीवर, त्यांच्याकडे तोंड करून लावले.

काका समोर बाजेवर बसून पाहत असत. अधूनमधून शेरे मारत. पत्रा असा काहून ठोकते, गाडी आहे का टिनाचा डबा. एकदा ते उठून आले आणि वेगळ्याच सुरात त्यांनी विचारले की गाडीच्या मागच्या बाजूला माइक लावला, तर तिकडचा आवाज इकडे स्पीकरमध्ये आणता येईल का. मी विचारले, मागे काय ऑर्केस्ट्रा बसवणार आहात? ते पुन्हा बाजेवर जाऊन बसले. मला त्या उत्तराचा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइल अ‍ॅम्प्लिफायरला जोडून मागितला, आणि तेव्हापासून ते फोनवर बोलायचे असले की ट्रकमध्ये जाऊन बसू लागले. माल भरायला कुठे जायचे, कोणाला भेटायचे, सगळे आमच्या गल्लीला ऐकू जाई. शेजारच्या बाईंनी खिडकी आपटली. मला तो शुद्ध मिजासखोरपणा वाटला.

काम संपले तेव्हा मी मोबाइलवरच्या अ‍ॅपने केबिनमधला आवाज मोजला. खालपासून वरपर्यंत रेष जवळजवळ सपाट आली, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने येत होते. काकांना बोलावले, त्यांच्या आवडीची गाणी लावली. त्यांनी दोन मिनिटे ऐकले, हात पुढे करून ट्रेबलचे, म्हणजे वरच्या सुरांचे, बटन शेवटपर्यंत फिरवले. आवाज असा टोचरा झाला की मी कानांवर हात ठेवले. ते म्हणाले, “ठीक आहे. पण खुलत नाही.”

माझ्या दृष्टीने ही सरळ लबाडी होती. मोजलेली गोष्ट ते केवळ मला हरवण्यासाठी नाकारत होते. मी म्हटले, चालत्या गाडीत ऐकू, मग बोला. त्यांना दुसऱ्याच दिवशी मिरचीची पोती आणायला भिवापूरला जायचे होते. मी शेजारच्या सीटवर बसले.

जाताना गाडी रिकामी होती, त्यामुळे खडखडाट बराच. मी तीन-चार वेळा काही विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. काका मला उत्तर देत नाहीत यात नवीन काही नव्हते, म्हणून मी त्याचा अर्थ लावला नाही. उमरेड सोडल्यावर मागून एक मोटार हॉर्न देऊ लागली. बराच वेळ देत राहिली. काका रस्त्याच्या मधोमध, शांतपणे. मग त्यांची नजर आरशात गेली आणि त्यांनी झटकन गाडी डावीकडे घेतली. ओलांडताना मोटारवाल्याने हात बाहेर काढून काहीतरी म्हटले. हेही मी त्यांच्या स्वभावात जमा केले.

भिवापूरच्या गोदामात गाडी मागे घ्यायची होती. मागे उभे असलेले दोन हमाल थांबा, थांबा म्हणून ओरडत होते. मला केबिनमध्ये ते स्पष्ट ऐकू येत होते. काका गाडी मागे घेतच राहिले. तेव्हा एका म्हाताऱ्या हमालाने कोपऱ्यातला बांबू उचलला आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा जोरात हाणला. काकांनी त्याच क्षणी ब्रेक दाबला. भिंत हातभर राहिली होती. मी उतरले आणि पत्र्यावर बांबू मारल्याबद्दल त्या म्हाताऱ्याला दोन शब्द सुनावले. तो रागावला नाही. “तुमच्या काकाले वरडून नाही समजत, बाई,” तो म्हणाला. “ठोकूनच सांगा लागते. इथं साऱ्यायले माहीत आहे.” त्या गाडीसाठी तो बांबू तिथे ठेवलेलाच होता.

पोती चढत होती. हवेत तिखट होते, सगळे शिंकत होते. मी केबिनमध्ये परत गेले आणि काकांना म्हटले की स्पीकरची शेवटची चाचणी करायची आहे. मी एकेक सूर लावीन, ऐकू आला की बोट वर करा. त्यांनी मान्य केले. सुरुवातीला बोट प्रत्येक वेळी बरोबर वर येत होते. मग माझ्या लक्षात आले की ते समोर न पाहता माझ्या अंगठ्याकडे पाहत आहेत. मी मोबाइल ओढणीखाली घेतला.

खालचे सूर आले. हजार हर्ट्‌झचा आला. दोन हजारला त्यांनी थोडे थांबून बोट वर केले. तीन हजारला काही नाही. चार हजारला काही नाही. मी आवाज वाढवत गेले. शिट्टीसारखा तो सूर केबिनभर भरला, माझ्या दातांत जाणवू लागला. बाहेर पोते घेऊन चाललेला हमाल थबकला आणि त्याने रिकाम्या हाताने कान झाकला. काका मांडीवर हात ठेवून, समोरच्या काचेतून पाहत, सूर सुरू होण्याची वाट पाहत होते. मग त्यांनी विचारले, “लावला का?”

मी बंद केले.

यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचे ऐकणे आधी वरच्या सुरांतून जाते. हे मी पुस्तकात वाचले होते; त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिले होते. माणूस बहिरा होत नाही. बोलणे त्याला ऐकू येते, पण स, श, ट, फ गळून पडतात आणि उरते ती गुरगुर. समोरून बोलले तर उरलेले तो ओठांवरून भरून काढतो. आमच्या घरात सगळेच समोरून बोलत होते. त्यामुळे कोणाला काही कळले नाही, आणि ज्या एका जागी समोरून कोणी बोलू शकत नाही, तिथे काका दिवसभर बसलेले असत. आवाज खुलत नव्हता तो स्पीकरमधून नीट येत नव्हता म्हणून नव्हे, काकांच्या कानात शिरत नव्हता म्हणून. मी आठ दिवस चुकीची वस्तू दुरुस्त करत होते. आणि मागच्या माइकची कल्पना, जिची मी टिंगल केली होती, ती त्या सगळ्या काळात कोणीही मांडलेली सर्वांत बरोबर कल्पना होती.

मी त्यांच्याकडे पूर्ण वळून म्हटले की तुम्हाला ऐकू येत नाही. त्यांनी ते ओठांवरून नीट वाचले. तुझ्याच डब्यात दम नाही, असे म्हणाले. मी म्हटले, हॉर्न, हमाल, फोन. त्यांना ठाऊक होते. कधीपासून, ते मी विचारले नाही.

“पुढच्या महिन्यात लायसन नवं करायचं आहे,” ते म्हणाले. “डॉक्टर मान वर करून पाहत नाही, सही देते. तू घरी तोंड उघडलं तं पाहून घे.”

परतीच्या वाटेवर गाडी भरलेली होती, त्यामुळे ती शांत चालत होती. गाणी लावलेली नव्हती. मी आरशात पाहत बसले आणि मागून कोणी आले की त्यांच्या दंडाला हात लावत गेले. ते दरवेळी दंड झटकत आणि दरवेळी डावीकडे घेत.

त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितले. बाबांनी ते गंभीरपणे ऐकले आणि मग विचारले की तुझे त्याच्याशी पटत नाही, हे यात किती आहे. मी बांबूबद्दल सांगितले. ते म्हणाले, माझ्याशी तर तो व्यवस्थित बोलतो. काकू भडकली. माझ्या संसारात तुझं यंत्र नको घालू वं, असे तिने मला बजावले, आणि हे बजावण्यासाठी तिने आधी माझ्या खांद्याला हात लावला. माझ्याकडे मोजमाप होते आणि ते कोणी वाचू शकत नव्हते. लायसनची तारीख जवळ येत होती. काका रोज गाडी काढत होते, आणि रस्त्यावर बांबू घेऊन कोणी उभे नव्हते.

रविवारी दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले. काका नेहमी भिंतीला पाठ लावून का बसत, हे आता मला कळले होते. त्या दिवशी मी पाने मुद्दाम मधोमध मांडली. वाढण्याचे काम माझ्याकडे होते. वरणाचे भांडे घेऊन मी त्यांच्या मागे गेले, दोन हातांच्या अंतरावर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटले, “काका, आजपासून ही गाडी तुम्ही चालवायची नाही. किल्ली बाबांना द्या.”

आईचा हात ताटात थांबला. बाबांनी मान वर केली. काकांनी भातात खड्डा केला, काकूकडे पाहिले आणि ठेचा मागितला.

मी तेच वाक्य पुन्हा म्हटले, थोडे मोठ्याने. काकूने ठेचा दिला नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि बाबाही, आणि आईही. काकांनी तिघांचे चेहरे एकापाठोपाठ पाहिले. चेहरे वाचण्यात आमच्या घरात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हते. ते सावकाश मागे वळले. मी हातात पळी घेऊन उभी होते.

“काय म्हणली ते?” त्यांनी काकूला विचारले.

काकूने सवयीने त्यांच्या खांद्याला हात लावला. बाबांनी सांगितले. समोर सरकून, ओठ स्पष्ट हलवत, त्यांनी माझे वाक्य शब्दशः सांगितले.

काकांनी डाव्या हाताने खिशातून किल्ली काढली आणि बाबांच्या ताटाजवळ ठेवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “समोर येऊन सांगतलं असतं तं मी नाही म्हणलो असतो. म्हणून मांगं उभी राहिली तू.”

हे निदान अचूक होते. त्यांनी जेवण पूर्ण केले.

कानांची रीतसर तपासणी झाली, तिचा आलेख मी ओढणीखालून काढलेल्या आलेखाशी जुळला. कानाला लावायचे यंत्र मिळाले, ते डबीत आहे. गाडीवर ड्रायव्हर ठेवला. पहिल्याच दिवशी त्याने ट्रेबलचे बटन मागे घेऊन मधोमध आणले, एक गाणे पूर्ण ऐकले आणि बाबांना विचारले की हे काम कोणी केले, असा साफ आवाज त्याने कोणत्या गाडीत ऐकला नव्हता. त्या कामाचे तेवढेच एक कौतुक झाले. काका तेव्हा बाजेवर बसले होते. ड्रायव्हर त्यांच्याकडे पाठ करून बोलत होता.

मला संशोधनाची जागा मिळाली. निघण्याच्या दिवशी मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान दुसरीकडे केली. मी त्या बाजूला गेले. त्यांनी मान परत फिरवली. दुसऱ्या कोणाला अबोला धरायचा तर निदान ऐकून न ऐकल्यासारखे करावे लागते. काकांना मान फिरवणे पुरते. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी येते. दरवेळी जवळ जाते आणि त्यांच्या खांद्याला हात लावते. ते वळत नाहीत.